शिरढोणचे वासुदेव बळवंत

पनवेलहून पेणच्या वाटेला लागले, की थोड्याच वेळात कर्नाळ्याचा सुळका नजरेत भरतो. हाताची मूठ मिटून अंगठा तेवढा उभा धरावा, तसा तो डोंगरमाथ्यावर उभा आहे. या किल्ल्याच्या परिसरात शिरढोण हे गाव आहे. पेशवाईच्या अखेरीस कर्नाळ्याचे किल्लेदार असलेले अनंतराव फडके हे याच गावचे. १८१८ साली पेशवाई बुडाली आणि इतर अनेक गडांप्रमाणे कर्नाळाही इंग्रजांच्या हाती गेला. गड गेला, गडाबरोबर किल्लेदारीही गेली. परंतु गड काही दृष्टीआड झाला नाही. फडक्यांच्या अंगणात उभे राहिले, की तो समोर दिसेच.

अनंतरावांचे चिरंजीव बळवंतराव आणि त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई यांच्या पोटी ४ नोव्हेंबर १८४५ रोजी शिरढोणला एक मुलगा जन्मास आला. त्याचे नाव वासुदेव. मुलगा अंगापिंडाने सुदृढ आणि वृत्तीने हट्टी होता. पाटी-पुस्तकापेक्षा कुस्ती आणि घोड्यावरची रपेट यांतच त्याचा जीव अधिक रमे. वासुदेव सात वर्षांचा असताना, १८५३ साली, मुंबई ते ठाणे अशी आगगाडी धावू लागली. पुढच्याच वर्षी ती कल्याणपर्यंत आली. तो अकरा-बारा वर्षांचा झाला, तेव्हा १८५७ चे युद्ध पेटले आणि विझलेही. जुने जग मागे पडत होते व नवे जग रुळांवरून आणि तारांवरून देशात शिरत होते. अशा काळात वासुदेवाचे शिक्षण कल्याण, मुंबई आणि पुणे येथे झाले. त्याला इंग्रजी येऊ लागले, हे त्या दिवसांत नोकरीस पुरेसे होते.

मुंबईस रेल्वेत व अन्य एक-दोन ठिकाणी काम केल्यावर वासुदेवराव लष्कराच्या हिशेबखात्यात कारकून झाले. १८६५ साली त्यांची पुण्यास बदली झाली. नोकरी कायमची होती, पगार नियमित होता. त्या काळच्या सुशिक्षित तरुणास याहून अधिक काही हवे असे, असे नाही. दिवसभर हिशेबाच्या वह्यांवर मान घालून बसावे, संध्याकाळी घरी यावे, वर्षातून एकदा गावी जावे, असे त्यांचे आयुष्य सहज सरून गेले असते.

या कारकुनाच्या आयुष्याला आणखी एक बाजू होती. वासुदेवराव दत्ताचे निस्सीम भक्त होते. पहाटे उठून व्यायाम, मग स्नान, संध्या आणि दत्ताची पूजा हा त्यांचा नित्यक्रम असे. महाराष्ट्रात दत्तभक्तीची परंपरा जुनी आहे. औदुंबर, नरसोबाची वाडी, गाणगापूर ही तिची क्षेत्रे. तीन मुखांचा, सहा हातांचा हा देव भक्तांच्या कल्पनेत एका जागी राहात नाही. तो रोज स्नान एका तीर्थी, भिक्षा दुसऱ्या गावी आणि निद्रा तिसऱ्या ठिकाणी करतो, असे मानतात. घरदार नसलेला, झोळी घेऊन अखंड भ्रमण करणारा देव वासुदेवरावांनी आपल्या हृदयाशी धरला होता. पुढे त्यांच्याही वाट्याला तसेच भ्रमण येणार होते.

१८७० च्या सुमारास शिरढोणहून निरोप आला, की सरस्वतीबाई अत्यवस्थ आहेत. वासुदेवरावांनी रजेचा अर्ज केला. वरिष्ठांनी तो वेळेवर मंजूर केला नाही. दिवस जाऊ लागले. अखेर ते तसेच निघाले आणि घाट उतरून घरी पोहोचले. तोवर आईचे प्राण गेले होते. आईच्या शेवटच्या घटकेस मुलगा जवळ नव्हता. एक वर्ष लोटले. आईच्या वर्षश्राद्धासाठी त्यांनी पुन्हा रजा मागितली आणि पुन्हा ती नाकारली गेली.

या एका घटनेने वासुदेवराव बंडखोर झाले, असे पुष्कळ ठिकाणी सांगितले जाते. ते पूर्णपणे खरे नव्हे. केवळ स्वतःच्या दुःखाचा सूड घ्यावयाचा असता, तर त्यांनी नोकरी सोडली असती, वरिष्ठांशी भांडण केले असते आणि गोष्ट तेथेच संपली असती. परंतु आईच्या मृत्यूने त्यांना दोन गोष्टी एकदमच दाखवून दिल्या. माणसाचे आयुष्य किती अल्प असते, ही एक. आणि ते अल्प आयुष्यही आपल्या हाती नाही, परक्या माणसाच्या सहीवर ते अवलंबून आहे, ही दुसरी. पुढे थोड्याच काळात त्यांची पत्नी सईबाई हिचेही निधन झाले. देह क्षणभंगुर आहे, हे वाक्य कीर्तनात ऐकणे वेगळे आणि आपल्याच घरात दोनदा अनुभवणे वेगळे.

त्या वेळी पुण्यात नवे विचार वाहू लागले होते. १८७० साली सार्वजनिक सभा स्थापन झाली होती. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे आपल्या व्याख्यानांतून देशाच्या दारिद्र्याची कारणे उलगडून सांगत. येथला कापूस बाहेर जातो, त्याचेच कापड होऊन परत येते, आणि मधल्या मधे येथला विणकर उपाशी मरतो, हे लोकांना आकड्यांनिशी समजू लागले. गणेश वासुदेव जोशी, ज्यांना सारे पुणे ‘सार्वजनिक काका’ म्हणत असे, ते स्वतः सूत काढून त्याचेच कपडे वापरीत. वासुदेवराव ही व्याख्याने ऐकत. त्यांनीही स्वदेशीचे व्रत घेतले.

मग ते स्वतःच बोलू लागले. सभेची दवंडी पिटण्यास गडी ठेवण्याइतका पैसा नव्हता. म्हणून ते स्वतः थाळी वाजवीत रस्त्यांतून फिरत आणि लोकांना शनिवारवाड्यापुढच्या पटांगणात बोलावीत, असे सांगतात. रविवारी व सुटीच्या दिवशी ते आसपासच्या गावीही जात. तरुणांना एकत्र आणण्यासाठी त्यांनी ऐक्यवर्धिनी सभा काढली. वामन प्रभाकर भावे आणि लक्ष्मण नरहर इंदापूरकर यांच्या बरोबर त्यांनी मुलांसाठी शाळा सुरू करण्यात पुढाकार घेतला. त्या शाळेच्या संस्थेचाच विस्तार पुढे महाराष्ट्र एज्युकेशन सोसायटी या नावाने झाला. घरातही हेच. दुसरी पत्नी गोपिकाबाई हिला त्यांनी स्वतः लिहिणे-वाचणे शिकविले. बायकांनी अक्षर गिरविणे हेच जेव्हा पुष्कळांना पाप वाटे, त्या काळची ही गोष्ट आहे.

पुण्यात लहुजी वस्ताद साळवे यांची तालीम प्रसिद्ध होती. लहुजींच्या हाताखाली वासुदेवरावांनी दांडपट्टा, तलवार आणि नेमबाजी यांचा अभ्यास केला. लहुजी मातंग समाजाचे, वासुदेवराव ब्राह्मण. परंतु तालमीच्या मातीत गुरू तो गुरूच. वासुदेवरावांच्या मनातले जातीपातीचे कुंपण येथेच मोडू लागले असावे. कारण पुढे त्यांनी ज्यांना आपले सोबती केले, ते बहुतेक रामोशी, कोळी आणि धनगर होते.

एवढ्यात महाराष्ट्रावर मोठे संकट कोसळले. १८७६ साली दख्खनच्या पठारावर पाऊस पडला नाही. विहिरी आटल्या, कडबा संपला, गुरे मेली, आणि मग माणसे मरू लागली. हा दुष्काळ दोन वर्षांहून अधिक काळ टिकला व मद्रास, म्हैसूरपर्यंत पसरला. त्यात पन्नास लाखांहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली, असा अंदाज आहे. सरकारने दुष्काळी कामे काढली. तेथे दिवसभर खडी फोडणाऱ्या मजुरास पुढे पुढे दिवसाकाठी अवघे एक पौंड धान्य, म्हणजे अर्ध्या किलोपेक्षाही कमी, आणि वर किरकोळ पैसा एवढेच मिळे. सर रिचर्ड टेंपल यांनी ठरविलेले हे प्रमाण इतके तुटपुंजे होते, की हजारो मजूर काम सोडून निघून गेले. तेच टेंपलसाहेब १८७७ साली मुंबई इलाख्याचे गव्हर्नर झाले. आणि याच १८७७ च्या पहिल्या दिवशी, दिल्लीस मोठा दरबार भरवून व्हिक्टोरिया राणीस हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून घोषित करण्यात आले होते! सार्वजनिक काका त्या थाटाच्या दरबारात आपल्या जाड्याभरड्या खादीच्या पोषाखात जाऊन बसले, ते उगीच नव्हे.

वासुदेवराव या दुष्काळी मुलखातून हिंडले. वेशीबाहेर पडलेली प्रेते त्यांनी पाहिली. मुलांना सोडून अन्नाच्या शोधात निघालेल्या आया पाहिल्या. ते पुण्यास परत आले, तेव्हा त्यांचे मन ठिकाणावर राहिले नव्हते. त्यांनी पुढे आपल्या हाताने लिहिलेल्या आत्मवृत्तात या दिवसांचे वर्णन केले आहे. स्नान करताना, जेवताना, निजताना एकच विचार त्यांना छळीत असे. आपले बांधव अन्नावाचून मरत असताना आपण मात्र पोटभर जेवावे, याची त्यांना लाज वाटे. पूजा चालूच होती. परंतु पूजेत शांती लाभेनाशी झाली. दत्तापुढे नैवेद्य ठेवला, की वेशीबाहेरचे उपाशी मूल डोळ्यांपुढे उभे राही.

कित्येक भक्तांच्या आयुष्यात अशी वेळ येते. जग नश्वर आहे, दुःखाने भरलेले आहे, हे कळून चुकते. त्यांतले काही जग सोडून वनात जातात. वासुदेवरावांनाही ती वाट मोकळी होती. त्यांच्यासारख्या व्रतस्थ माणसाला ती फारशी अवघडही गेली नसती. परंतु देह जर जाणारच आहे, तर तो कोणाच्या तरी कामी येऊन जावा, अशी त्यांच्या भक्तीने घेतलेली दिशा होती. लोकांचे दुःख दूर करणे म्हणजेच देवाची सेवा आणि ते दुःख स्वराज्यावाचून दूर होणार नाही, हे त्यांच्या मनाने घेतले. इंग्रजांचे राज्य शस्त्राने उलथून पाडावे, असा त्यांनी निश्चय केला.

त्या दिवसांत अक्कलकोटचे स्वामी समर्थ यांचा मोठा लौकिक होता. लोक त्यांना दत्ताचा अवतार मानीत. वासुदेवराव त्यांच्या दर्शनास गेले, याविषयी एक आख्यायिका सांगतात. वासुदेवरावांनी आपली तलवार स्वामींपुढे ठेवली. स्वामींनी ती आपल्या हाताने प्रसाद म्हणून परत द्यावी, अशी त्यांची इच्छा होती. परंतु स्वामींनी ती उचलून जवळच्या झाडावर ठेवावयास लावली. वासुदेवराव उमगले, की स्वामींच्या मते अजून वेळ आलेली नाही. ते क्षणभर खिन्न झाले. मग त्यांनी तलवार झाडावरून काढून घेतली, नमस्कार केला आणि ते निघाले.

आख्यायिका ही आख्यायिकाच. तरीही लोकांनी ती इतकी वर्षे जपून ठेवली आहे, हे लक्षात घेण्यासारखे आहे. देवाकडे यश मागावयास जाणारे पुष्कळ असतात. यश मिळणार नाही, असा कौल मिळाल्यावरही देवावरची श्रद्धा न सोडणारा आणि घेतलेले कामही न सोडणारा माणूस लोकांना विरळाच वाटला असला पाहिजे.

वासुदेवरावांनी प्रथम सुशिक्षित व श्रीमंत लोकांकडे मदत मागितली. कोणी ऐकून घेतले, कोणी दार लावून घेतले. पैसा कोणी दिला नाही. मग ते रामोशांकडे वळले. एके काळी गड राखणारे आणि गावाचा पहारा करणारे हे शूर लोक इंग्रजी अमलात बेकार झाले होते. त्यांच्यातल्या उमाजी नाइकाने पूर्वी इंग्रजांशी झुंज दिली होती आणि १८३२ साली तो फासावर गेला होता. वासुदेवराव त्यांच्या वस्त्यांत जाऊन राहिले. ते त्यांना ‘महाराज’ म्हणू लागले. फौज उभारावयाची तर दारूगोळा, घोडे आणि पगार हवा. त्यासाठी प्रथम सावकारांकडून आणि सरकारी वसुलातून पैसा हिसकावून घ्यावा, असे ठरले. फेब्रुवारी १८७९ मध्ये शिरूरजवळच्या धामारी या गावावर पहिला छापा पडला. पाठोपाठ इतर गावे आली. दरोड्याची ही वाट योग्य होती काय, असा प्रश्न पुढे अनेकांनी विचारला आहे. तो प्रश्न स्वतः वासुदेवरावांनाही सुटला नव्हता, असे त्यांच्या लिखाणावरून वाटते.

सरकार खडबडून जागे झाले. मेजर डॅनियल नावाच्या अधिकाऱ्यास मागावर धाडण्यात आले. वासुदेवरावांना पकडून देणाऱ्यास मोठे इनाम जाहीर झाले. मे महिन्यात पुण्याच्या बुधवार वाड्यास आणि विश्रामबाग वाड्यास आग लागली, तेव्हा तीही वासुदेवरावांनीच लावली, असा बोभाटा झाला. चौकशीत गुन्हेगार निराळेच निघाले. परंतु संशयाचे वारे असे सुटले होते, की न्यायमूर्ती रानड्यांसारख्यांचीही धुळ्यास बदली झाली. लंडनमधील वृत्तपत्रांतून या बंडाची चर्चा होऊ लागली.

बाहेरून पाहणाऱ्यास हे बंड मोठे दिसत होते. आतून मात्र ते पोखरले जात होते. वासुदेवरावांना स्वराज्य हवे होते. सोबत्यांतील पुष्कळांना लुटीतील वाटा हवा होता. पैसा हाती आला, की माणसे पांगत. याबद्दल वासुदेवरावांनी फार कडवट लिहिले आहे. त्यांचा राग समजण्यासारखा आहे. पण ज्यांच्या घरची चूल महिनोन् महिने पेटली नव्हती, त्यांनी हाती आलेले चार पैसे घेऊन घर गाठले, यात त्यांचा दोष तरी किती मानावा? शिवाय साऱ्यांनीच पाठ फिरविली, असेही नाही. दौलतराव नाईक हा त्यांचा उजवा हात होता. मे १८७९ मध्ये दौलतरावाने कोकणात उतरून पळस्पे आणि चिखली या गावांवर छापा घातला. ही गावे पनवेलजवळची, शिरढोणपासून हाकेच्या अंतरावरची. परतीच्या वाटेवर घाटात डॅनियलच्या तुकडीने त्याला गाठले आणि त्या चकमकीत दौलतराव मारला गेला.

त्या उन्हाळ्यात वासुदेवराव श्रीशैल मल्लिकार्जुनाच्या क्षेत्री गेले. हे स्थान आजच्या आंध्र प्रदेशात, नल्लमल डोंगराच्या दाट अरण्यात, कृष्णेच्या काठावर आहे. बारा ज्योतिर्लिंगांपैकी हे एक. पुण्याहून तेथवरची वाट शेकडो मैलांची. अंगावर साधूचा वेष, पायांखाली तापलेला खडक, मागे पोलिसांचा ससेमिरा, अशा स्थितीत ते तेथे पोहोचले. ते तेहतीस वर्षांचे होते. नोकरी गेली होती, घर सुटले होते, सोबती पांगले होते. ज्या लोकांसाठी हे सारे केले, ते पूर्वीइतकेच उपाशी होते.

देवळाच्या आश्रयाला बसून त्यांनी आपले आत्मवृत्त लिहिण्यास घेतले. ते जगाला दाखविण्यासाठी लिहिले, असे म्हणता येत नाही. पुष्कळसे देवालाच सांगितल्यासारखे आहे. आपण काय योजिले, काय केले, कोठे चुकलो, कोणी फसविले, हे सारे त्यांनी त्यात मांडले. आपण देशबांधवांच्या उपयोगी पडू शकलो नाही, म्हणून त्यांची क्षमाही मागितली. आता हा देह मल्लिकार्जुनाच्या चरणी ठेवावा आणि सुटावे, असा विचार त्यांच्या मनात आला होता.

याच ठिकाणी, सुमारे दोनशे वर्षांपूर्वी, १६७७ साली, शिवाजी महाराज दक्षिणेच्या स्वारीवर असताना आले होते. कृष्णेचे ते पाणी, ती गर्द शांतता आणि ते देवालय पाहून महाराजांना वैराग्य आले, राज्य नको, येथेच देवीला शिरकमल अर्पण करावे असे वाटले, अशी हकीगत बखरकार देतात. परंतु तुझ्या हातून अजून पुष्कळ कार्य व्हावयाचे आहे, असा देवीचा संकेत मिळाला आणि महाराज परत फिरले. महाराजांच्या मागे राज्य होते, फौज होती, तीनशेच्या वर गड होते. वासुदेवरावांच्या मागे यांपैकी काहीच नव्हते. देवीचा संकेत मिळाल्याचेही कोठे नमूद नाही. तेथल्या रात्री त्यांनी कशा काढल्या असतील, हे केवळ कल्पनेने जाणावयाचे.

परंतु एवढे निश्चित, की त्यांनी तेथे देह ठेवला नाही. आयुष्य देवाला वाहिलेले असेल, तर ते संपविण्याचा अधिकार आपल्याकडे उरतो काय? निराशेच्या भरात ते टाकून देणे म्हणजे अर्पण करणे नव्हे. वासुदेवरावांनी लेखणी खाली ठेवली, ते उठले, आणि डोंगर उतरून पुन्हा कामास लागले. या वेळी ते निजामाच्या मुलखातील रोहिल्यांकडे व अरबांकडे गेले. देवळातून उठलेल्या या दत्तभक्त ब्राह्मणाने मुसलमान शिपायांशी करार केले आणि नव्याने फौज जमविण्यास आरंभ केला. काही शेकडा माणसे येण्यास कबूलही झाली.

ती फौज उभी राहण्यापूर्वीच घात झाला. रानोमाळ भटकून, उपासमारीने आणि पावसाने वासुदेवरावांस ताप भरला होता. जुलै १८७९ मध्ये, आजच्या कर्नाटकातील विजापूर जिल्ह्यात, देवर नावदगी या गावी ते तापाने ग्लानी येऊन एका देवळात निजले होते. मेजर डॅनियल आणि निजामाच्या पोलिसातील अधिकारी अब्दुल हक यांनी रात्रीच्या अंधारात त्यांस घेरले. वासुदेवराव जागे झाले, तेव्हा सुटकेला वाव राहिला नव्हता.

त्यांना पुण्यास आणण्यात आले आणि संगमाजवळ कोठडीत ठेवण्यात आले. खटला सुरू झाला. न्यायालयाबाहेर लोकांची दाटी होई. वर्षभरापूर्वी ज्यांनी दारे लावून घेतली होती, त्यांतलेही काही त्या गर्दीत असतील. वासुदेवरावांच्या बचावासाठी सार्वजनिक काका उभे राहिले. पुढे महादेव चिमणाजी आपटे यांनी त्यांचे वकीलपत्र चालविले. उघडपणे त्यांची बाजू घेणे हे त्या वेळी धाडसाचे काम होते. परंतु सरकारजवळ एक असा साक्षीदार होता, की त्याच्यापुढे वकिलांचे काही चालेना. तो साक्षीदार म्हणजे वासुदेवरावांचे स्वतःचे आत्मवृत्त आणि रोजनिशी. ती पोलिसांच्या हाती लागली होती. मल्लिकार्जुनापुढे बसून ज्याने काहीच लपविले नाही, त्याच्या प्रत्येक ओळीचे इंग्रजी भाषांतर न्यायाधीशापुढे वाचले गेले. राणीच्या सरकाराविरुद्ध युद्ध पुकारल्याचा आरोप शाबीत झाला. नोव्हेंबर १८७९ मध्ये जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झाली.

१८८० च्या आरंभी बोटीवर चढवून त्यांना एडनला नेण्यात आले. अरबस्तानच्या दक्षिण टोकाचे हे बंदर १८३९ साली इंग्रजांनी घेतले होते आणि त्याचा कारभार मुंबई सरकार पाहात असे. १८६९ साली सुवेझचा कालवा खुला झाल्यापासून तेथे आगबोटींची वर्दळ वाढली होती. पण बंदराच्या मागे पाहावे, तो काय? मृत ज्वालामुखीचे काळे, उघडे डोंगर. हिरवे पान दृष्टीस पडत नाही. पाऊस जवळ जवळ नाहीच. कोकणातल्या पावसात आणि भाताच्या हिरव्या खाचरांत वाढलेल्या माणसास ठेवण्यासाठी सरकारने ही जागा निवडली. पायात बेड्या आणि एकांताची कोठडी.

तेथेही ते स्वस्थ बसले नाहीत. एके दिवशी त्यांनी कोठडीच्या दाराच्या बिजागऱ्या उखडल्या, दार बाजूस केले आणि ते तटावरून निसटले. बेड्यांनिशी ते बरेच अंतर धावत गेले. परंतु त्या उजाड मुलखात लपावयास झाड नाही, भाषा ओळखीची नाही, पाणी मागावे असे घर नाही. थोड्याच वेळात ते पुन्हा पकडले गेले. त्यानंतर पहारा अधिक कडक झाला. हवा, अन्न आणि एकांत यांनी त्यांचे ते कसलेले शरीर पोखरून टाकले. १७ फेब्रुवारी १८८३ रोजी एडनच्या तुरुंगात वासुदेव बळवंत फडके यांचे देहावसान झाले. त्यांना सदतीस वर्षे पुरी होऊन अवघे साडेतीन महिने झाले होते. जवळ आप्त नव्हते, आणि गंगाजलाचा थेंब घालणारेही कोणी नव्हते. आईच्या अखेरच्या घटकेस मुलगा नव्हता. मुलाच्या अखेरच्या घटकेस तर सारा देशच समुद्रापलीकडे होता.

इकडे गोपिकाबाईंनी नवऱ्यामागे दीर्घ आयुष्य काढले. त्यांना कोणी इनाम दिले नाही, की त्यांच्या नावाने सभा भरली नाही. नवऱ्याने शिकविलेली अक्षरे तेवढी त्यांच्यापाशी राहिली.

शिरढोणच्या फडक्यांच्या घराजवळ आता त्यांचे स्मारक आहे. पुण्यात संगमाजवळ, जेथे त्यांना कोठडीत ठेवले होते, तेथेही आहे. १९८४ साली भारत सरकारने त्यांच्या चित्राचे टपाल तिकीट काढले. आणि श्रीशैलावर लिहिलेले ते आत्मवृत्त? खटल्यासाठी केलेले त्याचे इंग्रजी भाषांतर सरकारी दप्तरात पडून राहिले. १९५७ साली मुंबई राज्याच्या सरकारने स्वातंत्र्यलढ्याच्या इतिहासाची साधने छापावयास घेतली, तेव्हा पहिल्याच खंडात त्यातील मजकूर प्रसिद्ध झाला. मल्लिकार्जुनाला मराठीत केलेले ते निवेदन लोकांच्या हाती आले ते असे, पोलिसांच्या कागदपत्रांतून आणि परक्या भाषेत.